मनाचा पंचनामा

गारपीट ओसरली, की दुसऱ्या दिवशी सकाळीच गावात पंचनाम्याचे काम सुरू होते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागास गारांनी झोडपले, तेव्हा हे दृश्य शेकडो गावांतून दिसले. हातात कागद आणि बरोबर दोन पंच घेऊन तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधाबांधाने फिरत होते. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीचा अंदाज अशी नोंद घेतली, की पुढचे शेत. शेतकरी बांधावर उभा असे. कोणी रडे, कोणी शिव्या देई. पुष्कळजण काहीच बोलत नसत, आणि हे न बोलणेच ऐकणाऱ्यास सर्वांत जड जाई.

अशा एखाद्या तलाठ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सायंकाळपर्यंत तीस-चाळीस शेते झाली आहेत. त्यांत एका वृद्ध बाईचा हरभरा आहे. नुकसान ४५ टक्क्यांच्या आसपास दिसते, आणि त्या काळी मदतीसाठी मर्यादा ५० टक्क्यांची होती. (केंद्र शासनाने ती २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणली.) "भाऊसाहेब, बघा की जरा," एवढेच ती म्हणते. "बघतो आजी," असे म्हणून तो दिसते तेवढेच लिहितो व पुढे जातो. रात्री घरी जेवताना मुलाच्या हातून पाण्याचा पेला सांडतो आणि या गृहस्थाचा हात उठतो. त्याच्या पत्नीस वाटते, हल्ली यांना फार राग येतो. त्यालाही तसेच वाटते. वस्तुतः त्याला आलेला तो राग नव्हताच.

हा प्रसंग गारपिटीचा असला, तरी त्याची जात आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पालकसभेत अपमान झालेला शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या विद्यार्थ्यावर घसरतो. ग्रामसभेत निरुत्तर झालेला सरपंच घरी अबोला धरतो. वरिष्ठांचे बोलणे खाऊन आलेला लिपिक खिडकीपलीकडील माणसाला "उद्या या" म्हणतो. भावना एका दारी उत्पन्न होते आणि भलत्याच दारी जाऊन उभी राहते. ज्यांच्या हातात अधिकार आहे, मग तो छडीचा असो वा सहीचा, त्यांच्या मनातील अस्वास्थ्य म्हणूनच केवळ त्यांचे खाजगी दुखणे राहत नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. परंतु कायदा हात थोपवू शकतो, हात का उठतो याचा शोध ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

या शोधाची रीत आपल्या कचेऱ्यांत पूर्वापार आहे आणि तिचे नाव पंचनामा आहे. पंचनाम्याचे काही संकेत असतात. तो जागेवर करावयाचा. शक्य तितक्या लवकर करावयाचा. जे दिसले ते लिहावयाचे. अनुमान लिहावयाचे नाही. आणि मदत द्यावयाची की नाही हा निर्णय पंचनाम्यात घ्यावयाचा नाही, तो नंतरचा. मनाच्या बाबतीत आपण नेमके याच्या उलट वागतो. आधी निर्णय देतो, "एवढ्यातेवढ्याने काय खचायचे?", आणि मग नोंद घ्यावयाचे राहूनच जाते. लोकांचे छप्पर उडाले, आपले तर सर्व शाबूत आहे, तेव्हा आपल्याला वाईट वाटण्याचा अधिकारच काय, अशी तुलना करण्यात सज्जन माणसे विशेष पटाईत असतात. शासकीय मदतीला टक्केवारीचा उंबरठा ठेवावा लागतो, कारण निधी मर्यादित असतो. स्वतःच्या मनाची दखल घेण्यास असा उंबरठा कोणी घातलेला नाही.

नोंद न घेता भावना दाबली तर ती नाहीशी होते काय? अमेरिकेतील जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांनी काही व्यक्तींना किळस आणणारा एक छोटा चित्रपट दाखविला आणि त्यांच्यापैकी काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सूचना केली. त्यांनी ती पाळली. पण किळस वाटावयाची ती तेवढीच वाटली, आणि शरीरातील ताणाच्या काही खुणा मात्र इतरांपेक्षा अधिक आढळल्या. अर्थात चारचौघांत भावना आवरणे हे पुष्कळदा कर्तव्यच असते. तलाठ्याने बांधावर रडत बसावे असे कोणी म्हणणार नाही. आवरलेले नंतर उघडून पाहिले जात नाही, ही खरी अडचण आहे.

याच्या विरुद्ध टोकाचा एक समज आहे. "मनातला राग बाहेर काढून टाकावा, म्हणजे मोकळे वाटते," असे सर्रास सांगितले जाते. हेही तपासून पाहण्यात आले आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने अपमान केला त्याचे स्मरण करीत मुष्टियुद्धाच्या पोत्यावर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत अधिक राहिला; जे दोन मिनिटे नुसते स्वस्थ बसले त्यांचा सर्वांत कमी. आदळआपट करणे हा रागाचा निचरा नसून त्याचा सराव आहे, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

शब्दांचा हिशेब

पंचनाम्याचे पहिले काम म्हणजे पिकाचे नाव लिहिणे. "शेताचे नुकसान झाले" एवढ्याने भागत नाही; गहू, हरभरा, द्राक्ष की संत्रा हे सांगावे लागते, कारण भरपाई पिकाच्या प्रकारावर अवलंबून असते. भावनांचेही तसेच आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की चित्रातील रागावलेल्या वा घाबरलेल्या चेहऱ्यावरील भावनेस योग्य शब्द निवडावयास सांगितले असता, पाहणाऱ्याच्या मेंदूतील अमिग्डाला या भागाची चलबिचल मंदावते. भय आणि धोक्याची जाणीव यांच्याशी हा भाग निगडित आहे. नाव देण्याने भावना संपत नाही. तिची पकड सैल होते.

आणि नावांच्या बाबतीत मराठी माणसास तक्रारीस जागा नाही. आपण सरसकट "राग आला" म्हणतो. पण अन्याय पाहून येते ती चीड, तेच ते पुन्हा पुन्हा सोसल्याने येतो तो वैताग, हात बांधलेले असताना होते ती चरफड, आणि दुसऱ्यावर काढता न आल्यामुळे माणूस स्वतःवरच काढतो तो त्रागा. दुःखाच्या बाजूस पाहावे तर खंत वेगळी आणि रुखरुख वेगळी. खंत वर्षानुवर्षे राहते. रुखरुख एखाद्या राहून गेलेल्या लहानशा गोष्टीची असते. भीतीमध्ये धास्ती आहे, घोर आहे, आणि कारण सांगता येत नाही अशी हुरहुर आहे. हे शब्द आपल्या आज्या रोजच्या बोलण्यात वापरीत. आज सुशिक्षितांच्या तोंडी त्या सर्वांच्या जागी "टेन्शन" हा एकच शब्द येऊन बसला आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हे नुकसान केवळ भाषेचे नाही.

कारण शब्द नेमका सापडला, की उपायाची दिशा सापडते. रुखरुख असेल तर राहिलेले काम करून टाकावे. एक पत्र, एक भेट, पुष्कळदा तेवढ्याने भागते. चीड असेल तर योग्य त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार हा तिचा रास्त मार्ग आहे. ती गिळून टाकणे हा नव्हे. धास्ती बहुधा अपुऱ्या माहितीवर वाढते. बदलीची यादी, परीक्षेचा निकाल, डॉक्टरांचा अहवाल यांविषयी विश्वसनीय ठिकाणी एकदा विचारून घ्यावे. वैतागास विश्रांती हवी असते, उपदेश नको असतो. आणि आपल्या तलाठ्यास त्या रात्री जे झाले होते, त्याला बहुधा ओशाळेपण हा शब्द लागू पडेल. नियमाप्रमाणे वागूनही त्या वृद्धेसमोर त्याला ओशाळे वाटले होते. ओशाळेपणाला मुलाच्या पाठीत धपाटा हा उपाय नव्हे; "आज एका आजीला मी काही देऊ शकलो नाही," एवढे कोणाजवळ तरी बोलणे हा उपाय होता. तिला शासनाच्या दुसऱ्या एखाद्या योजनेची माहिती देता आली असती, हा विचारही कदाचित तेव्हाच सुचला असता.

दिसले ते आणि वाटले ते

पंचनाम्यात अनुमान लिहीत नाहीत, हा संकेत मनाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत अवघड आहे. समजा, आढावा बैठकीत साहेबांनी आपल्याकडे पाहिले नाही. ही घटना. "माझ्यावर त्यांची मर्जी राहिली नाही, आता माझे काही खरे नाही," हे अनुमान. रात्रभर झोप येत नाही ती घटनेमुळे की अनुमानामुळे? अमेरिकन मानसोपचारज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचा पाया हाच प्रश्न आहे. मराठीत ती 'विवेकनिष्ठ' या विशेषणाने परिचित झाली. घटना आणि तिच्यातून होणारा मनस्ताप यांच्या मध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि ती बरेचदा "झालेच पाहिजे", "असे होताच कामा नये" अशा आज्ञार्थी भाषेत बोलते, असे एलिस यांचे म्हणणे. "वर्गाचा निकाल चांगला लागावा" ही इच्छा झाली. "तो लागलाच पाहिजे, नाहीतर मी नालायक" हा हट्ट झाला. इच्छा पुरी न झाल्यास वाईट वाटते, ते योग्यच आहे. हट्ट मोडल्यास माणूस कोलमडतो.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. सर्वच दुःखे समजुतीतून निर्माण होत नाहीत. कर्ज खरे असते, मृत्यू खरा असतो, जातीवरून झालेला अपमान खरा असतो. अशा माणसास "तुमचा दृष्टिकोन बदला" असे सांगणे क्रूरपणाचे होईल. तसेच, चार गावांचे पंचनामे तीन दिवसांत मागवावयाचे आणि वर कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवावयाचे, यात विसंगती आहे हे अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. स्वतःच्या मनाची काळजी घेणे हे कर्मचाऱ्याचे काम. कामाचे वाटप माणसाला झेपेल असे करणे हे कार्यालयप्रमुखाचे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

लिहिणे आणि घोळवणे

पंचनामा लेखी असतो, यालाही महत्त्व आहे. टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिले. लिहून होताच त्यांना अधिक वाईट वाटले, हे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची गरज इतरांपेक्षा कमी पडली. यासाठी शैली लागत नाही, शुद्धलेखन लागत नाही. लिहिलेले कोणास दाखवावयाचे नसते, फाडून टाकले तरी चालते. दौऱ्याची दैनंदिनी लिहिणाऱ्यांस पंधरा मिनिटे अधिक जड जाऊ नयेत.

मात्र लिहिणे वेगळे आणि तेच ते मनात घोळवीत बसणे वेगळे. सुसान नोलेन-होक्सेमा या संशोधिकेस याचा पुरावा एका अनपेक्षित मार्गाने मिळाला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची, वाईट वाटले असता ते काय करतात याविषयी, तिने एक पाहणी केली होती. पाहणीनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. पुन्हा त्याच विद्यार्थ्यांना गाठले तेव्हा आढळले, की ज्यांना आधीपासून घोळवीत बसण्याची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही खिन्नतेची लक्षणे अधिक होती. दोहोंत ओळखण्याची खूण सोपी आहे. लिहिण्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि शेवटी निदान एखादी नवी ओळ हाती लागते, घोळवण्यात "माझ्याच वाट्याला का?" हाच प्रश्न फिरून फिरून येतो. तसे जाणवताच उठावे आणि हाताला काम द्यावे.

शरीराविषयी थोडक्यात. क्षोभाच्या वेळी हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात. अशा वेळी विवेकाला बोलावून तो येत नाही. श्वास सावकाश, आणि घेण्यापेक्षा सोडणे लांबवीत, पाच-सहा मिनिटे चालू ठेवल्यास हा वेग उतरू लागतो. शिक्षकाने वर्गात शिरण्यापूर्वी व्हरांड्यात एवढे केले तरी पुष्कळ. तंबाखू मळल्याने डोके शांत होते हा अनुभव खोटा नाही, पण ती शांतता बव्हंशी तंबाखूच्याच तलफेने आणलेल्या अस्वस्थतेवरची असते. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे मोडते. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. वाचकांना ते ठाऊक आहे.

जेव्हा नोंद पुरत नाही

काही वेळा मात्र पंचनामा करून भागत नाही, मदत मागवावी लागते. सतत दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही नैराश्य या आजाराची लक्षणे असू शकतात. खेड्यांतून ती अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, "अंगात त्राण नाही" अशा तक्रारींच्या रूपाने दवाखान्यात येतात आणि शक्तीच्या औषधावर बोळवली जातात. हा आजार मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि तो बरा होतो.

तो बरा करण्यासाठी प्रत्येक गावी मनोविकारतज्ज्ञ मिळणे अशक्य आहे, ही गोष्ट उघड आहे. परंतु आपल्या जवळच दोन उद्बोधक प्रयोग झाले आहेत. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून, पूर्वी असले कोणतेही व्यावसायिक शिक्षण न घेतलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. नैराश्याच्या रुग्णाशी त्यांनी आठवड्यातून एकदा, सहा ते आठ वेळा बोलावयाचे, आणि ज्या लहानसहान गोष्टी त्याने सोडून दिल्या, जसे देवळात जाणे, परसातील झाडांना पाणी घालणे, शेजाऱ्याशी बोलणे, त्या एकेक करून पुन्हा सुरू करावयास लावावयाचे. "मन लागले की करीन" असे रुग्ण म्हणतो; उपचार सांगतो, "आधी करा, मन मागाहून लागेल." २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांपेक्षा या रुग्णांत सुधारणा लक्षणीय अधिक होती. दुसरा प्रयोग अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतला, 'विश्राम' या नावाचा. तेथे गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराविषयी बोलण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कोणाकडे उपचारास गेले होते. दीड वर्षाच्या कामानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. गावातील ओळखीच्या माणसाने दार ठोठावल्याचा हा परिणाम होता.

पंचायत सदस्य, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांचे काम येथे सुरू होते. गावात कोण गप्प झाला आहे, कोण देण्याघेण्याचे हिशेब अचानक मिटवू लागला आहे, कोणाच्या बोलण्यात "आता आपले संपले" असे येऊ लागले आहे, हे त्यांच्या कानी सर्वांत आधी येते. अशा माणसास "जीव नकोसा झाला आहे का? तसे काही मनात येते का?" असे एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. विचारल्याने पुष्कळदा सुटका झाल्यासारखे वाटते. पराकोटीची निराशा ही लाटेसारखी असते. ती येते तेव्हा सर्व बुडाल्यासारखे वाटते, आणि काही तासांत तिचा जोर ओसरतो. त्या तासांत घरात कीटकनाशकाची बाटली हाताशी आहे की नाही, यावर सर्व अवलंबून राहते. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर पुढील वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. फवारणीची औषधे कुलपात ठेवणे, किंवा घरात कोणी खचलेले असेल तर काही दिवसांसाठी ती शेजाऱ्याकडे हलविणे, हे कोणतेही अनुदान न लागणारे काम आहे.

प्रयत्न फसला तर पोलीस केस होईल, या भीतीने पूर्वी रुग्ण लपविला जाई. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावयाचे आहे. तिच्यावर उपचार करणे आणि तिचे पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी ठरविण्यात आली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयातून मिळते. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या चोवीस तासांत केव्हाही, विनाशुल्क, मराठीतून बोलता येते. ही सेवा केवळ अशा आणीबाणीसाठीच आहे असे नाही. तीस-चाळीस शेतांचे पंचनामे करून रात्री घरी आलेल्या माणसासही ती खुली आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्या क्रमांकांखाली हा क्रमांक लिहावयास एक ओळ पुरते.